सूत्राकडून आकाराकडे
वर्गसमीकरणाच्या अध्यापनात यंत्राचे आणि गटकार्याचे स्थान



एका गणित-शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत आपल्या संस्थेने गणिताच्याच दुसऱ्या एका शिक्षकास बोलाविले, याबद्दल मी कृतज्ञ आहे. विषय मात्र मी मुद्दाम लहान निवडला आहे. शिक्षणाचे भवितव्य, शिक्षण आणि संस्कृती अशा विशाल विषयांवर बोलणे त्या मानाने सोपे असते, कारण तेथे पडताळा मागणारा कोणी नसतो. मी केवळ एका प्रकरणाविषयी बोलणार आहे. दहावीच्या गणितातील वर्गसमीकरणे हे ते प्रकरण.

समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना ते सूत्र अजून पाठ असेल. उणे ब, अधिक-उणे वर्गमुळात ब वर्ग उणे चार अ क, भागिले दोन अ. आपण डॉक्टर झालात, वकील झालात, व्यापारात गेलात, तरी पाढ्यासारखी ती ओळ जिभेवर राहिली. पण त्या ओळीत काय दडले आहे असे विचारले, तर बहुतेकजण हसून मान हलवितात. ओळ राहिली आणि अर्थ निसटला. हा दोष आपला नव्हे. ज्या क्रमाने ते प्रकरण शिकविले जाते, त्या क्रमात अर्थाला जागाच थोडी असते.

आज या प्रश्नाला एक नवी धार आली आहे. २०१४ साली 'फोटोमॅथ' नावाचे अ‍ॅप आले आणि मोबाइलचा कॅमेरा समीकरणावर धरताच पायऱ्यांसह उत्तर मिळू लागले. त्यानंतर अशी साधने वाढतच गेली. वर्गसमीकरण सोडविणे एवढेच आपले शिकविणे असेल, तर ते काम आता खिशातले यंत्र करते. मग वर्गात शिक्षकाने काय करावयाचे? आणि मुलांनी एकत्र तरी कशासाठी बसावयाचे? माझे उत्तर थोडक्यात असे: आकार यंत्राने दाखवावा, पण तो दिसण्यापूर्वी काय दिसेल हे मुलांनी एकमेकांना शब्दांत सांगावे, आणि दिसल्यानंतर त्याचा अर्थ पुन्हा एकमेकांतच ठरवावा. यंत्र आणि गट ही दोन साधने अशा रीतीने जोडली, तरच दोन्हींचे सार्थक होते.

समीकरण आणि फलन

प्रथम मूळ गोष्ट स्पष्ट करू. आपल्याकडे मुलांना समीकरण आधी भेटते आणि फलन पुष्कळ उशिरा. या दोहोंतील भेद एका साध्या उदाहरणाने समजून घेऊ.

चाळीस मीटर लांबीची एक दोरी आहे. तिने मैदानावर आयत आखावयाचा आहे. एक बाजू क्ष मीटर धरली, तर लगतची बाजू २० – क्ष होते आणि क्षेत्रफळ क्ष(२० – क्ष). आता विचारा, क्षेत्रफळ ७५ चौरस मीटर केव्हा होईल? हे झाले समीकरण. उत्तर ५ किंवा १५. उत्तर मिळाले की गोष्ट संपली.

परंतु दोरी हातात धरून मुलांना आयताचा आकार बदलू द्या आणि विचारा, क्षेत्रफळ कसकसे बदलते? बाजू १ मीटर असताना १९, २ असताना ३६, ५ असताना ७५, १० असताना १००, आणि त्यानंतर पुन्हा उतरती कळा: १५ ला ७५, १८ ला ३६, १९ ला १९. हे झाले फलन. एका राशीच्या बदलाबरोबर दुसरी राशी कशी चालते, त्या चालीचे नाव फलन. हे बिंदू आलेख-कागदावर मांडून जोडले, की एक सुबक कमान तयार होते. तिच्या माथ्याला शिरोबिंदू म्हणतात. दोरीच्या या कोड्यात तो माथा दहावर आहे, म्हणजे चौरसावर आहे.

एकदा ही कमान दिसली की पूर्वीचा प्रश्न निराळाच भासू लागतो. ७५ च्या उंचीवर आडवी रेघ ओढली, तर ती कमानीला दोन ठिकाणी छेदते, म्हणून उत्तरे दोन. १०० च्या उंचीवरची रेघ माथ्याला नुसती स्पर्श करते, म्हणून उत्तर एक. आणि क्षेत्रफळ ११० हवे असेल, तर रेघ कमानीच्या वरूनच निघून जाते. या दोरीने तेवढी जागा घेरताच येत नाही. पुस्तकात 'विवेचक ऋण असल्यास वास्तव मुळे नसतात' असे जे वाक्य आपण रेखांकित करून ठेविले होते, त्याचा अर्थ हा एवढाच आहे. समीकरण म्हणजे कमानीवरील एका उंचीविषयीचा प्रश्न. कमान न दाखविता त्या प्रश्नांची शंभर उदाहरणे सोडवून घेणे म्हणजे गाव न दाखविता घरांचे क्रमांक पाठ करून घेणे होय.

भास्कराचार्यांची माकडे

दोन उत्तरांचा हा प्रश्न आपल्या परंपरेला परका नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या बीजगणित-खंडात माकडांची दोन उदाहरणे आहेत. ती मी वर्गात नेहमी घेत आलो, कारण गटचर्चेसाठी याहून सरस सामग्री मला कोठे मिळाली नाही.

पहिले उदाहरण असे. कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतकी माकडे वनात खेळत आहेत आणि उरलेली बारा टेकडीवर आवाज करीत आहेत; तर कळप केवढा? समीकरण होते (क्ष/८)² + १२ = क्ष, म्हणजेच क्ष² – ६४क्ष + ७६८ = ०. उत्तरे दोन, १६ आणि ४८. पडताळा पाहा: सोळाचा आठवा भाग दोन, त्याचा वर्ग चार, अधिक बारा, सोळा. अठ्ठेचाळिसाचा आठवा भाग सहा, वर्ग छत्तीस, अधिक बारा, अठ्ठेचाळीस. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि भास्कराचार्यांनी दोन्ही मान्य केली आहेत.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे उरते त्याच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली आहेत आणि एक फांदीवर दिसते. गणिताने येथेही दोन उत्तरे येतात, ५० आणि ५. पण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे वजा करावयाचे? उत्तर येते उणे दोन. त्याचा वर्ग चार होतो, चार अधिक एक पाच होतात, बेरीज जुळते. तरीही भास्कराचार्य हे दुसरे उत्तर घेऊ नये असे सांगतात, कारण अशी ऋण संख्या प्रत्यक्ष व्यवहारात लोकांना पटत नाही.

या दोन उदाहरणांचे आलेख संगणकावर काढले तर यंत्र दोन्ही वेळा दोन छेदबिंदू सारख्याच तत्परतेने दाखविते. त्याला माकडे ठाऊक नाहीत, गुहा ठाऊक नाही. एका ठिकाणी दोन्ही उत्तरे ठेवावयाची आणि दुसऱ्या ठिकाणी एक सोडावयाचे, हा निर्णय माणसांनी आपसांत बोलून घ्यावयाचा असतो. चार मुलांच्या गटापुढे दुसरे उदाहरण ठेवा. एक म्हणते, "बेरीज जुळते ना, मग उत्तर बरोबर." दुसरे विचारते, "उणे दोन माकडे कशी असतील?" तिसरे म्हणते, "उणे दोन माकडे नाहीतच, त्यांचा वर्ग चार आहे, आणि चार माकडे गुहेत आहेत." हे तिसरे मूल फार पुढचे बोलून गेले आहे. तेथे शिक्षकाने घाईने निकाल देऊ नये. समीकरणाला मान्य असलेले उत्तर आणि प्रश्नाच्या भाषेला मान्य असलेले उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वादातूनच त्यांना उमगते.

जाता जाता सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. एखाद्या शिक्षकाचे स्मरण करावयाचे, तर त्याचे शिकविणे पुढे चालू ठेवावे, हा विचार आपल्याकडे आठशे वर्षांहून जुना आहे.

यंत्र काय करते

आता यंत्राकडे वळू. आलेख काढणारा हिशेबयंत्र-प्रकार १९८५ साली कॅसिओ कंपनीने बाजारात आणला. पाश्चात्त्य शाळांत अशी यंत्रे रुळली. आपल्या शाळांना ती परवडणारी नव्हती. खरा पालट झाला तो संगणकावर चालणाऱ्या मोफत साधनांमुळे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१-०२ च्या सुमारास 'जिओजेब्रा' घडविले. २०११ मध्ये 'डेस्मॉस' आले. ही दोन्ही आज साध्या मोबाइलवरही चालतात.

त्यांतील सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे स्लायडर, अर्थात पट्टीवर सरकणारा ठिपका. य = अक्ष² + बक्ष + क असे लिहिले, की अ, ब, क यांच्यासाठी तीन पट्ट्या मिळतात. ठिपका सरकविला की वक्ररेषा डोळ्यांदेखत हलते. आलेख-कागदावर एक वक्ररेषा काढावयास पाव तास लागतो. येथे एका मिनिटात शंभर दिसतात. कागदावर मुलाला एक चित्र दिसते, यंत्रावर चित्रांचे घराणे दिसते.

पण येथेच धोका आहे. डोळ्यांपुढून शंभर चित्रे सरकली म्हणजे शंभर गोष्टी समजल्या असे नव्हे. म्हणून माझा नियम असा की ठिपक्याला हात लावण्यापूर्वी प्रत्येक गटाने आपले भाकीत कागदावर लिहिले पाहिजे, आणि त्याचे कारणही.

उदाहरणार्थ, य = क्ष² + बक्ष + १ घ्या. क बदलला की वक्ररेषा वर-खाली जाते आणि अ बदलला की ती अरुंद किंवा पसरट होते, हे मुले लवकर ओळखतात; अ ऋण झाला की वाटी उपडी होते, हेही. मग विचारावे, ब वाढविला तर काय होईल? बहुतेक गट लिहितात, "वक्ररेषा उजवीकडे सरकेल." आता ठिपका सरकवा. ब शून्य असताना शिरोबिंदू (०, १) वर आहे. ब दोन केला, तो (–१, ०) वर गेला. ब चार केला, तो (–२, –३) वर. उजवीकडे नव्हे, डावीकडे. आणि नुसता डावीकडेही नव्हे, खाली उतरत. ब ऋण केला की तसाच उजव्या बाजूने उतरतो. शिरोबिंदूचा मार्ग ठिपक्यांनी उमटविण्याची सोय चालू केली, तर पडद्यावर एक उपडी कमान उमटते: य = १ – क्ष². वर्गफलनाचा शिरोबिंदू स्वतःच दुसऱ्या वर्गफलनावरून चालत असतो!

यानंतर वर्गात जी शांतता पसरते ती मौल्यवान असते. भाकीत लिहिलेले असल्यामुळेच ती पसरते. भाकीत नसते, तर मुलांनी "छान" म्हटले असते आणि ती पुढे गेली असती. आता "असे का?" हा प्रश्न त्यांचा स्वतःचा झालेला असतो. मग कोणीतरी दाखविते की सगळ्या वक्ररेषा (०, १) या एकाच बिंदूतून जातात, कारण क्ष शून्य असताना ब ला काही करण्यासारखे उरतच नाही. खिळा एका जागी ठोकलेला आहे आणि वाटी त्या खिळ्याला न सोडता डोलते आहे. तेथून शिरोबिंदूच्या सूत्राकडे, उणे ब भागिले दोन अ कडे, फार थोडी वाट उरते. आणि ती वाट मुले आपल्या पायांनी चालतात.

यंत्र काय करीत नाही

यंत्राच्या मर्यादाही मुलांना यंत्रावरच दाखवाव्यात. य = क्ष² – १०क्ष + २४.९९ आणि य = क्ष² – १०क्ष + २५.०१ हे दोन आलेख काढावयास सांगावे. नेहमीच्या मापाच्या पडद्यावर दोन्ही वक्ररेषा क्ष-अक्षाला पाचवर स्पर्श करतात असेच दिसते. वस्तुतः पहिली अक्षाला ४.९ आणि ५.१ या दोन बिंदूंत छेदते व मध्ये अवघी ०.०१ इतकीच खाली जाते. दुसरी अक्षाला कधीच भेटत नाही. विवेचक काढला, तर पहिल्याचा येतो ०.०४ आणि दुसऱ्याचा उणे ०.०४. डोळा फसला, सूत्र फसले नाही.

सूत्राविषयी आदर निर्माण करण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. म्हणून माझ्या बोलण्याचा अर्थ सूत्र टाकून द्यावे असा कोणी घेऊ नये. त्या सूत्रामागची युक्ती श्रीधराचार्यांची म्हणून भास्कराचार्यांनीच उद्धृत केली आहे: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि अव्यक्ताच्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवावा, म्हणजे एक बाजू पूर्ण वर्ग होते. माकडांच्या समीकरणावर हे करून पाहावे. ६४ च्या वर्गातून ७६८ ची चौपट गेली की उरतात १०२४, त्याचे वर्गमूळ ३२, आणि चौसष्टात ते मिळवून व वजा करून निम्मे केले की ४८ आणि १६. आलेखावर पाहिले तर शिरोबिंदू नेमका ३२ वर आहे आणि दोन्ही मुळे त्याच्यापासून सोळा-सोळा अंतरावर आहेत. 'अधिक-उणे' या चिन्हाचा अर्थ येथे उघड होतो: शिरोबिंदूतून जाणाऱ्या उभ्या अक्षापासून सारखेच अंतर उजवीकडे आणि डावीकडे.

गट कसा चालवावा

गटकार्य म्हणजे बाके जोडून मुलांना बोलू देणे, अशी एक समजूत आहे. तशा गटात एक हुशार मूल लिहिते, दोघे पाहतात आणि चौथे खिडकीबाहेर पाहते. ते टाळण्यासाठी काही गोष्टी कसोशीने पाळाव्या लागतात.

गट चौघांचा असावा. मोठ्या गटात कोणीतरी हमखास लपते. चौघांत एकच यंत्र, एकच कागद आणि एकच पेन्सिल द्यावी. ही काटकसर नव्हे. चार यंत्रे दिली तर चार मुले चार दिशांना तोंडे करून बसतात. शाळेत यंत्रे कमी आहेत ही आपली अडचण येथे उपयोगी पडते. पेन्सिल आणि यंत्र एकाच्या हाती कधी असू नये, आणि दर प्रश्नाला हात बदलावेत.

पहिली दोन मिनिटे प्रत्येकाने एकट्याने विचार करावा, मग दोघा-दोघांत बोलावे, मग चौघांत. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडलेल्या पद्धतीचाच हा विस्तार आहे. एकट्याचा विचार आधी झाला नाही, तर बोलके मूल बोलते आणि मितभाषी मूल मान डोलाविते.

गटाच्या वतीने कोण बोलणार हे आधी ठरवू नये. शेवटी चिठ्ठी काढावी. ज्याचे नाव निघेल त्याने फळ्यापाशी येऊन समजावून सांगावे, आणि ते गटाचे उत्तर मानावे. या एका नियमाने पुष्कळ काही साधते. हुशार मुलाला कळते की आपल्या शेजाऱ्याला समजल्याशिवाय आपलेही काम पूर्ण होत नाही, आणि मागच्या बाकावरच्या मुलीला वर्षातून पहिल्यांदाच कोणीतरी मनापासून विचारते, "तुला पटले का? नाही तर परत सांगतो."

प्रश्नही असा हवा की जो एकट्याला चटकन सुटू नये. माझ्या आवडीचा एक प्रश्न शाळेच्या अंगणातला आहे. बागेच्या पाइपातून तिरकी चिळकांडी सोडावी, तिचे बाजूने, समोर काटकोनात उभे राहून छायाचित्र घ्यावे, ते जिओजेब्राच्या पटावर ठेवावे आणि अ, ब, क बदलून वक्ररेषा पाण्यावर बसवावी. ती बसते. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात फेकलेल्या वस्तूविषयी जे सिद्ध केले, ते मुले नळाच्या पाण्यावर पाहतात. मग दाराला सैल आणि खोल टांगलेल्या साखळीचे छायाचित्र घ्यावे. दिसावयास ती तशीच असते, पण तळाशी बसविली तर कडेला सुटते, आणि कडेला बसविली तर तळाशी. तो वक्र निराळा आहे. त्याचे समीकरण १६९१ साली हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नुली यांनी मांडले. "दिसते तसे नसते" ही म्हण गणितातही खरी ठरते.

शब्दांचा प्रश्न

गटकार्याचे जे फळ मला सर्वांत मोलाचे वाटते, ते भाषेचे आहे. बडोद्यासारख्या नगरीत आपले मूल घरी मराठी बोलते, रस्त्यावर गुजराती बोलते, दूरदर्शनसंचावर हिंदी ऐकते आणि दहावीनंतर विज्ञानाकडे वळले तर बहुधा इंग्रजीत शिकते. त्याच्या कानावर एकाच वक्ररेषेची तीन नावे पडतात: मराठीत अन्वस्त, हिंदी-गुजरातीत परवलय आणि इंग्रजीत पॅराबोला. घरचे ते वर्गसमीकरण, शेजारच्या शाळेतले ते द्विघात समीकरण. नावांच्या या गर्दीत मूल गप्प बसणे पत्करते.

या गप्प बसण्याची किंमत मोठी असते. अकरावीत ते मागे पडते तेव्हा आपण म्हणतो, इंग्रजी कच्चे होते. अनेकदा इंग्रजीच्या आधीची गोष्ट कच्ची असते: आपल्याला काय दिसते आहे हे कोणत्याही भाषेत सांगण्याची त्याला संधीच मिळालेली नसते. गटात ती संधी मिळते. "वाटी उपडी झाली", "खिळा सुटत नाही", "माथा घसरला" अशा घरगुती शब्दांनी मुले आरंभ करतात. ती वाक्ये शिक्षकाने खोडू नयेत. त्यांच्या शेजारी पारिभाषिक शब्द ठेवावा. एकदा अर्थ हाती आला की त्याच्यावर दुसऱ्या भाषेचे नाव चढविणे अवघड नसते. नाव आधी आणि अर्थ नंतर असा उलटा प्रवास मात्र फार थोड्यांना साधतो.

शब्दही आपण वाटतात तितके परके नाहीत. ग्रीक 'पॅराबोला' या नावात 'शेजारी' आणि 'टाकणे' असे दोन अर्थ जोडलेले आहेत. आपल्या 'अन्वस्त' शब्दाचा विग्रह अनु आणि अस्त असा करता येतो, आणि संस्कृतात 'अस्त' याचा एक अर्थ फेकलेले असाच आहे. फेकलेल्या चेंडूची वाट दाखविणाऱ्या वक्राला हे नाव शोभून दिसते. मुलांना हे सांगितले की तो शब्द घशात अडकत नाही.

ज्या नगरीत १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताखाली कलाभवन उभे राहिले, ज्या संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे व मोफत झाले आणि ज्या दरबाराने १९३१ साली आठ भाषांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' प्रसिद्ध केला, तेथे एकाच वस्तूला चार भाषांत नाव असणे ही अडचण मानली जात नव्हती. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात ते वैभव होते. आपल्या वर्गात ते पुन्हा वैभव ठरू शकते. अट एवढीच की मुलांना बोलू दिले पाहिजे.

काही आक्षेप

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला वेळेचा. गटात एक पाठ घेण्यास दोन तासिका लागतात, आणि परीक्षा तर सूत्रावरच असते. हा आक्षेप खरा आहे. म्हणून सगळे प्रकरण असे घ्यावे असे मी म्हणत नाही. दोरीचा आयत, माकडे, ब चा ठिपका आणि २४.९९ चे कोडे, असे चार पाठ गटात घ्यावेत. सरावाची उदाहरणे नेहमीसारखी वहीत सोडवून घ्यावीत. चित्र मनात असलेल्या मुलाला सराव कमी पुरतो, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

दुसरा आक्षेप गोंगाटाचा. गटकार्यात आवाज होतो, हे खरे. पण आवाज कशाचा आहे हे दाराशी उभे राहून ऐकावे. "उणे दोन माकडे कशी?" असा आवाज येत असेल, तर मुख्याध्यापकांनी निश्चिंत मनाने पुढच्या वर्गाकडे जावे.

आता एक विनंती माजी विद्यार्थ्यांना. शाळेला संगणक देणगी द्यावयाचे आपल्या मनात असेल, तर जरूर द्या. पण थोडे द्या, आणि त्यांबरोबर वर्षातून चार दुपारी स्वतः या. आपल्यापैकी जे पूल बांधतात, औषधाची मात्रा ठरवितात, मालाचा भाव आणि खप यांचा मेळ घालतात, त्यांच्या कामात ही वाढणारी आणि उतरणारी कमान कोठे ना कोठे असते. ती घेऊन एकेका गटाजवळ बसा. उत्तर सांगू नका. "तुला काय वाटते, आणि का?" एवढेच विचारा, आणि मूल बोलेपर्यंत थांबा.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांच्या नावाने मुलांना एवढा एक प्रश्न विचारला गेला, तरी या व्याख्यानमालेचा हेतू सफल झाला असे मी मानीन.